आग्रा–मुंबई रस्ता : नावातली दोन टोके आणि मधले आपण



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने एखाद्या कवीविषयी किंवा नाटककाराविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र एका रस्त्याविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी बरेच जण आज त्याच रस्त्याने किंवा तो ओलांडून येथे आले असतील. इंदुरात त्याला लहानथोर सारे ‘ए. बी. रोड’ म्हणतात. मध्यंतरी पदवीच्या वर्गात मी सहज विचारले, यातला ‘बी’ कशाचा? एका विद्यार्थ्याने ‘बायपासचा’ असे उत्तर दिले. वर्ग हसला, मीही हसलो. परंतु घरी परतताना त्या हसण्याचे मला थोडे वाईट वाटले. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

‘ए’ म्हणजे आग्रा आणि ‘बी’ म्हणजे बॉम्बे. पण हीच दोन शहरे का? 1836 मध्ये कंपनी सरकारने वायव्य प्रांत निर्माण केला आणि आग्रा ही त्याची राजधानी झाली. मुंबई ही मुंबई इलाख्याची राजधानी होतीच. कंपनीच्या दोन राजधान्या जोडणारी ही सडक, म्हणून तिचे हे नाव. पुढे 1857 चा उठाव झाला आणि त्या प्रांताची राजधानी अलाहाबादेस गेली. आग्र्याचे ते वैभव जेमतेम दोन दशकांचे; रस्त्याच्या नावात मात्र ते आजतागायत टिकून आहे.

या दोन टोकांमधला मुलूख कोणाचा होता, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. ग्वाल्हेर शिंद्यांचे, देवास पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे, इंदूर होळकरांचे. सडक या तिन्ही राज्यांतून गेली. नावात एकही आले नाही. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरात रेसिडेन्सी आली, महूला छावणी पडली, आणि सडक गेली ती त्यांच्या सोयीने. राजवाड्याभोवतीचे जुने शहर पश्चिमेला राहिले. आज पलासिया, गीता भवन, नौलखा, भंवरकुआँ ही शहराची गजबजलेली ठिकाणे वाटतात. तेव्हा हा सारा भाग वस्तीबाहेरचा होता. शहर रस्त्यापर्यंत पोचले ते मागाहून, आणि नंतर त्याच्याही पलीकडे गेले.

मराठी माणसाची उत्तरेकडची वाट अर्थातच या सडकेहून जुनी आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. सातपुडा ओलांडून महूकडे येतात तोच बंडाच्या धामधुमीत सापडतात. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. आपण तो झाशीच्या राणीसाठी वाचतो. माझी विनंती अशी, की एकदा तो नुसत्या वाटेसाठी वाचावा. खिशात फारसे काही नसलेला एक भिक्षुक कोकणातून मध्य हिंदुस्थानात येतो, तेव्हा त्याला वाटेत आपली भाषा बोलणारी घरे भेटतात. आपली वस्ती कशी पसरली होती, हे मला कोणत्याही जनगणनेपेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते.

आता नावाची एक गंमत. महाविद्यालयात शिकत असताना मी प्रथमच धुळ्यास मामाकडे गेलो. तेथल्या भर बाजारपेठेतला रस्ता दाखवीत मामा म्हणाले, “हा आमचा आग्रा रोड.” मी म्हणालो, “मामा, हा तर आमचा ए. बी. रोड!” मुंबईतही शीवहून ठाण्याकडे जाणारा रस्ता आग्रा रोडच होता, पुढे त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. माणूस रस्त्याला नाव देतो ते तो जिकडे जातो त्या गावाचे. जिथे आपण उभे असतो ते गाव गृहीतच असते. इंदूरहून मात्र दोन्ही टोके सुमारे सहाशे किलोमीटरवर. म्हणून आम्ही दोन्ही अक्षरे जवळ ठेवली. मराठीत मुंबईला आपण बॉम्बे कधीच म्हटले नाही, तरी ‘आ. मुं. रस्ता’ असे म्हणणारा एकही इंदूरकर मला आजवर भेटलेला नाही!

1995 मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले आणि तो ‘बी’ पोरका झाला. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि जुना ‘क्रमांक तीन’ही गेला. आता आग्रा ते ग्वाल्हेर 44, ग्वाल्हेर ते ब्यावरा 46 आणि ब्यावऱ्याहून देवास, इंदूर, सेंधवामार्गे धुळ्यापर्यंत 52. जी एक वाट होती, तिचे कागदावर तुकडे झाले. लांबची वाहने बाह्यवळणाने जाऊ लागली. शहरातल्या भागावर 2013 मध्ये जलद बससाठी स्वतंत्र मार्गिका आली. 2025 मध्ये ती काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने मान्यता दिली.

नावे बदलण्यास माझा सरसकट विरोध नाही. 2003 मध्ये महूचे डॉ. आंबेडकर नगर झाले. बाबासाहेब तेथे जन्मले, त्या नावाला त्या भूमीचाच आधार आहे. या रस्त्याची गोष्ट निराळी. त्याचे नाव कोणी बदललेले नाही, त्याचा अर्थ तेवढा गळून पडला आहे. चौकाचौकांतल्या फलकांवर ‘आग्रा–मुंबई मार्ग’ असे देवनागरीत पूर्ण लिहिले, तर एवढे काम होईल. त्याला फार खर्च येऊ नये.

तोवर आपल्याला करता येण्याजोगे काही आहे. माझ्या वडिलांना नाशिकहून येणाऱ्या पत्रांवर ‘आग्रा रोड, इंदूर’ असा पत्ता असे. इंदुरात कोणी तसे म्हणत नसे. पण पत्र लिहिणाऱ्याच्या दारातून जाणारा रस्ता ‘आग्रा रोड’ होता, त्याने तो तसाच लिहिला, आणि टपाल बिनचूक पोचत असे. असे लखोटे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत न टाकता या ग्रंथालयाकडे आणून द्यावेत. माझ्याजवळचे दोन मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन केले आहेत.