वकिलीची उमेदवारी



कायद्याची कलमे महाविद्यालयात कळतात. परंतु वकीलपत्र कसे भरावे, पक्षकाराचे गाऱ्हाणे कसे ऐकावे, हे वकिलाच्या कचेरीतच उमगते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास २० आठवड्यांची उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, आवश्यक ठरविली. तथापि त्या नियमांत विद्यावेतनाची तरतूद नाही. वकिलाचा पुत्र काकांच्या कचेरीत जाऊन बसतो. शेतमजुराच्या कन्येने मुंबईस राहावे कोठे? गुणवत्तेवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी खानावळीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सलग उमेदवारी चार आठवड्यांहून अधिक नसते, भार तेवढाच. आपल्यातील प्रत्येक वकिलाने वर्षास एक गरीब उमेदवार घ्यावा (तो ज्ञातीचाच हवा असा हट्ट नको) आणि त्याच्या निवास-भोजनाचा खर्च संघाने सोसावा, अशी माझी विनंती आहे.