ओळख असू द्या



आमचं महू ही छावणी. 1818 साली वसली, तेव्हापासून इथं माणसं बदलून येतात आणि बदलून जातात. दोन-तीन वर्षं शेजारी राहिलेलं फौजी कुटुंब ट्रकमध्ये सामान चढवू लागलं की आई फाटकाशी जाऊन म्हणायची, "ओळख असू द्या बरं." समोरचे पंजाबी असोत की मल्याळी, हे वाक्य मराठीतच. त्यांना ते कळायचं.

परिचय करून दिला की होतो. ओळख मात्र ठेवावी लागते, रस्त्यात भेटल्यावर द्यावी लागते. "त्यानं ओळखसुद्धा दिली नाही" असं सांगताना माणसाचा आवाज दुखावलेला असतो. ओळख मुरली की घरोबा. सलगी गोड खरी, पण लहानानं मोठ्याशी केली की भुवया चढतात. आणि घसट? तो शब्दच घासण्यातला. "हल्ली त्यांची फार घसट आहे" हे कौतुकानं कोणी म्हणत नाही.

राहिली 'अतिपरिचयात् अवज्ञा'. त्या सुभाषितातली मलय पर्वतावरची भिल्लीण चंदन चुलीत घालते, म्हणून तिला नावं ठेवतात. मला ते कधी पटलं नाही. रानात चंदनच उगवत असेल, तर तिनं भाकरी कशावर भाजायची? 2003 साली आमच्या गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी महूच येतं. त्यातही अवज्ञा नाही, जिभेची सवय आहे.

बाबासाहेब 14 एप्रिल 1891 रोजी इथंच जन्मले. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत होते. म्हणजे तेही छावणीतलंच कुटुंब, आणि मूल लहान असतानाच ते दापोलीला गेलं. काली पलटन भागातलं ते जन्मस्थान आम्हाला पत्ता सांगायला उपयोगी पडतं : स्मारकावरून पुढे या, मग डावीकडे.

एका चौदा एप्रिलला विदर्भातून आलेल्या एका आजींनी तिथं चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला विचारलं, "तू इथलीच का गं? रोज दिसतं तुला हे?"

"रोज," मी म्हटलं. महिनाभरात मी तिकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

त्यांनी माझा हात हातात घेतला, तो बस सुटायची वेळ होईपर्यंत सोडला नाही.