वेगाचे मोल आणि भरवशाचे मोल



संगणकातल्या एका कार्डावर व्याख्यान द्यावयाचे म्हटल्यावर मी प्रथम कचरलो. अशा प्रसन्न सायंकाळी आपणांस तारा-चकत्यांची कुळकथा ऐकवावी, हे रुक्षपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु या कार्डाच्या निमित्ताने एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो : आपण एखाद्या वस्तूला जास्त पैसे मोजतो, ते नेमके कशाचे?

समजा, आपल्या गावातील एक तरुण अभियंता यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटने करून देण्याचा धंदा काढतो आहे. दुकानदार त्याच्यापुढे दोन ग्राफिक्स कार्डे ठेवतो. एक खेळांसाठी, दुसरे वर्कस्टेशनसाठी, म्हणजे व्यावसायिक कामासाठी. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले आहे. त्याने कोणते घ्यावे?

हे कार्ड करते काय, ते आधी पाहू. आजच्या चांगल्या पडद्यावर आडव्या ओळीत ३८४० आणि उभ्या ओळीत २१६० बिंदू असतात. म्हणजे एकूण ८२,९४,४००. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावयाचे. हिशेब एका सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी बिंदूंवर जातो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा निष्णात आचाऱ्यासारखा आहे. त्याला सर्व पदार्थ येतात. पण पाचशे पाने मांडल्यावर एकटा आचारी पंगत वाढू शकत नाही. तेथे एकच साधे काम झपाट्याने करणारे पुष्कळ वाढपी लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा हजारो वाढप्यांचा ताफा.

पडद्यावर थेट रेखाटन करण्याची कल्पना अमेरिकेतील एम. आय. टी. येथे आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ या प्रोग्रॅमने सिद्ध केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात जेम्स क्लार्क यांच्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने खास चित्रकामाचे संगणक बाजारात आणले. पण ते विमानांचे कारखाने, चित्रपटनिर्माते अशांनाच परवडत. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने खेळांसाठी ‘जीफोर्स २५६’ ही चिप काढली आणि तिच्याच आधारे ‘क्वाड्रो’ हे व्यावसायिक कार्ड तयार केले. तेव्हापासून खेळाचे कार्ड आणि कामाचे कार्ड ही बहुधा सख्खी भावंडे असतात.

२०२० सालची अशी एक जोडी पाहा. खेळासाठी ‘आरटीएक्स ३०९०’, कामासाठी ‘आरटीएक्स ए६०००’. दोन्हींतील चिप एकाच कुळातली. पहिल्याची आरंभीची किंमत १,४९९ डॉलर, दुसऱ्याची सुमारे ४,६५०. आणि गंमत अशी, की स्वस्त कार्डाच्या स्मृतीतून सेकंदाला ९३६ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते, महागड्याच्या ७६८! तिप्पट दाम देऊन स्मृतीचा वेग कमीच मिळतो. मग मिळते काय?

एक तर स्मृती दुप्पट मिळते. २४ ऐवजी ४८ गिगाबाइट. दुसरे, तपासलेला ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. रेखाटनाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. आराखड्यातील रेघ दिसेनाशी झाली, तर दाद मागावयास जागा राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : दोषनिवारण. २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथे निवडणुकीच्या यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मते अधिक दाखविली. हा आकडा म्हणजे दोनाने दोनाला गुणत बाराव्या घातापर्यंत गेल्यावर येणारी संख्या. संगणकाच्या स्मृतीत ठरावीक जागच्या एकाच शून्याचा एक झाला, की नेमकी एवढीच चूक होते. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. संशय अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर गेला. अशा चुका पकडण्याची रीत बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. आपले जुने कारकून आडवी आणि उभी बेरीज घेत. दोन्ही बेरजा जेथे चुकतात, तेथला आकडा खोटा. तत्त्व साधारण तेच. खेळात एक बिंदू चुकला, तर तो सेकंदाच्या साठाव्या भागात नाहीसा होतो. पुलाच्या तुळईवरील भाराच्या गणितात चुकला, तर तो कागदावर उतरतो आणि कागदावरून लोखंडात.

तर मग महाग तेच घ्यावे काय? थांबा. २०२५ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी याच ए६००० कार्डाच्या स्मृतीत मुद्दाम अंक उलटवून दाखविले. अवघा एक अंक उलटताच त्यावर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या एका नमुन्याची अचूकता ८० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर कोसळली. दोषनिवारणाची सोय या कार्डात आहे. पण ती मुळात बंद असते, चालू करावी लागते! चालू केल्यास काही कामांत वेग १० टक्क्यांपर्यंत घटतो, स्मृतीही सुमारे सहा टक्के कमी होते. कंपनीने ती चालू ठेवा असा सल्ला दिला. दार भक्कम घेतले, पण कडी घालणे घरच्याच माणसाकडे राहिले.

शिवाय जादा दाम सगळेच या काळजीचे असतात, असेही मी म्हणणार नाही. कारखानदार देऊ शकतो, म्हणूनही काही घेतले जाते. तेव्हा आपल्या तरुणाने किमतीला भुलू नये आणि भिऊही नये. आपल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीची प्रमाणित कार्डांची यादी पाहावी. व्यावसायिक कार्डांतही लहान-मोठी असतात. आपले आराखडे किती स्मृती खातात, ते मोजावे. दोषनिवारण आहे काय, असल्यास चालू आहे काय, हे विचारावे. केवळ चित्रे हलवून दाखवावयाची असतील, तर खेळाचे कार्डही पुष्कळदा पुरते. पण ज्या आकड्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तेथे काटकसर करण्याचा अधिकार आपला एकट्याचा नसतो. आणि तेथे, कार्ड कितीही महाग असले तरी, कागदावर सही करण्यापूर्वी आडवी-उभी बेरीज एकदा आपणही घ्यावी.