माधापरच्या ३०० जणी



डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध पेटलेलं. गुजरातमध्ये कच्छच्या भुज विमानतळावर बॉम्ब पडले, धावपट्टी उखडली. आता विमानं उडणार कुठून? दुरुस्तीला माणसं कमी पडत होती. तेव्हा शेजारच्या माधापर गावातून सुमारे ३०० बाया निघाल्या. काहींनी तान्ही लेकरं शेजारणीकडं सोपवली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, धोका टळला की पुन्हा कामाला लागायचं. वरून दिसू नये म्हणून मळकट हिरव्या साड्या नेसल्या आणि धावपट्टी चक्क शेणानं सारवली! ७२ तासांत ती तयार झाली.

आपल्या सारवणाला कुणी हुन्नर म्हणतं का? तिथं त्यानंच धावपट्टी झाकली.

पुढं ५०,००० रुपये बक्षीस मिळालं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावाच्या सभागृहाला दिलं. त्यांचं स्मारक मात्र २०१५ साली झालं. तब्बल ४४ वर्षांनी! तोवर कित्येकजणी हे जग सोडून गेल्या होत्या.

म्हणून सांगते, बंधारा असो की शाळेची भिंत, श्रमदान केलं की त्याच दिवशी गटाच्या वहीत प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा. ‘गावातल्या बायका’ एवढंच नको.