‘ठेवून जा’ म्हणाले, पण ठेवला नाही

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादन करून)



काल रात्री जेवताना विषय निघाला. कॉम्प्युटर अडला की आपण सगळ्या एकच करतो, ओळखीतल्या एखाद्या मुलाला हाक मारतो. म्हणून आज कायद्याऐवजी लॅपटॉपवर बोलते. कायदा त्यात येईलच.

आमच्या केंद्रातला लॅपटॉप जुना, कुणीतरी दिलेला. त्यावर लिनक्स आहे. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावर ते बरं चालतं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पडद्यावरची वायफायची खूण नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या कोर्टात एका बाईची तारीख. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचा तर बाईचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याचा मसुदा लॅपटॉपमध्ये आणि वकीलताई परभणीत.

मी दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. “लिनक्स आहे? पुसून विंडोज टाकावं लागेल. ठेवून जा ताई, परवा या.” मी ठेवणारच होते. मग लक्षात आलं, त्यात नुसता मसुदा नाही. सहा वर्षांच्या केसेस आहेत. कोण कुठल्या नातेवाइकाकडे जाऊन राहिलीय, कुणाचा नवा नंबर काय, सगळं. लॅपटॉप उचलला आणि परत आले.

पासवर्ड होता ना, असं आत्ता मागून कुणीतरी म्हणालं. ऐका. पेनड्राइव्हवर दुसरं लिनक्स घालून त्यावरून लॅपटॉप सुरू केला, की आतल्या डिस्कवरचं सगळं वाचता येतं. आपला पासवर्ड कुणी विचारतही नाही. हे टाळायचं तर डिस्कलाच कुलूप लावावं लागतं. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात, आणि ते लिनक्स बसवतानाच निवडायचं असतं. आमच्याकडे केलेलं नव्हतं. इतकी वर्षं कपाटाला कुलूप लावत होतो, आणि हे उघडं!

आता बिघाड. आधी बघायचं, नेट कुणाचं गेलं? माझ्या फोनवर त्याच राउटरचं वायफाय येत होतं, म्हणजे राउटर बरा. मग लॅपटॉपला आसपासच्या नेटवर्कांची यादी दिसते का? दिसत असेल तर बहुतेक वेळा पासवर्डचाच घोळ असतो. आमच्याकडे यादीच नव्हती. सेटिंग्जमध्ये लिहिलेलं, वायफाय अडॅप्टर सापडला नाही.

अशा वेळी बटण बघायचं. हसू नका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांना कडेला वायफायचा सरकता खटका असतो, नव्यांना विमानाचं चित्र असलेलं बटण. पिशवीत घालता-काढताना ते हलतं. टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ अशी आज्ञा दिली, की ब्लॉक सॉफ्ट आहे की हार्ड ते कळतं. सॉफ्ट असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ लिहून सुटतो. हार्ड असेल तर खटका हातानेच सरकवायचा. आज्ञा इंग्रजीत लिहायच्या, त्या मी फळ्यावर लिहिते.

आमचा खटका चालूच होता. पुढची आज्ञा ‘एलएसपीसीआय’. आत जोडलेल्या भागांची यादी ती दाखवते. त्या यादीत वायफाय कार्डाचं नाव होतं, आणि ते वाचून मला जो धीर आला! कार्ड जळालेलं नव्हतं. लिनक्सला त्याच्याशी बोलता येत नव्हतं, कारण मधला दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, नाहीसा झाला होता.

काही चिप बनवणाऱ्या कंपन्या आपला ड्रायव्हर खुला करत नाहीत. तो वेगळा बसवावा लागतो, आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला की त्याच्याशी पुन्हा जुळवावा लागतो. हे आपोआप होतं, पण कधी फसतं. आदल्या संध्याकाळी आमच्या एका मुलीने अपडेट केलं होतं. ती रडकुंडीला आली. तिची काही चूक नव्हती, अपडेट करायलाच हवं.

जुना कर्नल सहसा लॅपटॉपमध्येच राहतो. सुरू होताना शिफ्ट दाबून धरायची, काही लॅपटॉपांवर एस्केप, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडायचा. तसं केलं आणि वायफाय आलं. मसुदा अर्ध्या तासात वकीलताईंकडे.

पण जुन्या कर्नलवर राहणं बरं नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्यात असतात. म्हणून तारीख झाल्यावर नव्यावर आलो. फोन केबलने जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं, आणि वायफायशिवाय नेट मिळालं. इथे फोन कुणाचा, हा प्रश्न येतोच. डेटा संपला की ‘कुठे गेला?’ असं आपल्यातल्या कितीजणींना घरी विचारतात! केंद्राच्या खर्चात एक रिचार्ज धरा.

मग उबुंटूतल्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर पुन्हा बसवला. तो बसवताना कधी एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी निळा पडदा येतो. तिथे घाबरून ‘कंटिन्यू’ दाबू नका. ‘एनरोल’ निवडून तो पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. मी स्वतः दोनदा चुकले.

दुपारी आपापले लॅपटॉप घेऊन बसू. फोनच्या केबली आणा, पण तपासून. काहींतून नुसतं चार्जिंग होतं, नेट येत नाही.