ओवीचें ध्वनिमुद्रण

समर्थ रामदासांनीं दासबोध ओवीछंदांत रचिला. तो लिहिला गेला म्हणून टिकला. त्यांचें जन्मगांव जांब आज जालना जिल्ह्यांत आहे. त्याच मुलखांत बायकांनीं जात्यावर गाइलेल्या ओव्या मात्र कंठांतच राहिल्या. आणि पिठाची गिरणी आल्यावर जात्याबरोबर त्याही मुक्या होऊं लागल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पण शब्द कागदावर उतरले तरी गळा उतरत नाहीं. त्यासाठीं ध्वनिमुद्रणच हवें.

त्याला आतां मोठा खर्च लागत नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेली 'ऑडॅसिटी' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिची घडण सर्वांस खुली असल्यानें ती इतरांस देण्याची व सुधारण्याचीही मुभा आहे.

आजी गाऊं लागण्यापूर्वीं पांच सेकंद कोणीं बोलूं नये. त्या शांततेंतील पंख्याची घरघर पारखून प्रणाली ती पुढें गाण्यांतून कमी करते. आवाजाची रेषा पडद्याच्या टोकास भिडूं देऊं नये. फाटलेला स्वर मागाहून नीट सांधत नाहीं. मूळ मुद्रण 'फ्लॅक' या रूपांत जपावें, कारण त्यांत आवाजाचा कोणताही अंश गळत नाहीं. काटछांट करावयाची ती प्रतीवर. एकतारीची साथ द्यावयाची झाल्यास तीही निराळ्या पट्टीवर.

सर्वांआधीं आजीची संमति घ्यावी. मग तिचें नांव, गांव आणि तिला ही ओवी कोणीं शिकविली, हें तिच्याच तोंडून आरंभीं मुद्रित करावें.