हेल्मेट होतं, पण हातात होतं

(या भागात बोललेला मजकूर, थोडा नीटनेटका करून)

सुरुवातीलाच एक विनंती. हा भाग तुम्ही गाडी चालवताना, हेल्मेटच्या आत इअरफोन खुपसून ऐकत असाल तर आत्ता बंद करा. पोचल्यावर ऐका, भाग कुठे पळून जात नाही. आजचा विषयच हेल्मेटचा आहे. आणि घाबरू नका, ‘हेल्मेट घाला’ असं लेक्चर मी देणार नाहीये. ते तुम्ही शाळेपासून ऐकताय. आज बोलायचंय ते हेल्मेट काढण्याबद्दल.

आमच्या सणसवाडीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. पुणे-नगर रोड, कोरेगाव भीमा मागे टाकलं की आम्ही, पुढे शिक्रापूर, त्याच्या पुढे रांजणगाव एमआयडीसी. शिफ्ट सुटली की हजारो बाइक एकदम रस्त्यावर. शेजारी कंटेनर, ट्रेलर, आणि डिव्हायडरचा वळसा वाचवायला राँग साइडने येणारे तर विचारूच नका.

आता या रस्त्यावर बाइकवाल्याला दिवसभरात काय काय सांगितलं जातं बघा. कंपनीचं गेट म्हणतं, हेल्मेट नसेल तर आत सोडणार नाही. एटीएमचं दार म्हणतं, हेल्मेट काढून आत या. सराफाच्या दुकानातले वॉचमन काका म्हणतात, हेल्मेट काढा. रात्री उशिरा पेट्रोल पंपावर गेलात तर तिथला मुलगा म्हणतो, दादा, जरा हेल्मेट काढा ना. एकाच डोक्याला चार ठिकाणी चार सूचना. गंमत म्हणजे ‘काढा’ सांगणारे भरपूर आहेत, पण ‘परत घाला’ असं कुणीच सांगत नाही.

माझ्या आतेभावाचं याच फटीत नुकसान झालं. मी त्याला दादा म्हणतो. गेल्या वर्षीची गोष्ट. पगाराचा दिवस, फर्स्ट शिफ्ट सुटलेली. दादा एटीएमवर गेला. दारावर पाटी होती, म्हणून हेल्मेट काढलं, कोपरात अडकवलं. पैसे काढले. पंप समोरच होता. आता एवढ्यासाठी कुठे परत घालायचं? तसाच गेला. पेट्रोल भरलं, फोन काढून क्यूआर स्कॅन केला. घर दोन किलोमीटरवर. हेल्मेट कोपरातच राहिलं. पंपातून रस्त्याला लागतोय तोच समोरून राँग साइडने टेम्पो. टेम्पोला चुकवताना दादा पडला आणि डोकं डिव्हायडरच्या कडेला आपटलं.

दादा वाचला, आधी ते सांगतो. टाके पडले, काही दिवस हॉस्पिटलात काढले. शुद्धीवर आल्यावर आत्या रडत म्हणाली, “अरे, हेल्मेट का नाही घातलंस?” तर म्हणतो, “आई, हेल्मेट होतं गं. हातात होतं.”

आता तो कामावर जातो. पण त्याला वास येत नाही. डोक्याला जोरात मार बसला की नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाचा वास परत येतो, कुणाचा येत नाही. दादाचा अजून आलेला नाही. गॅस चालू राहिला तर त्याला कळत नाही, म्हणून वहिनी त्याला स्वयंपाकघरात एकटं सोडत नाही.

हे झाल्यावर मला पाट्यांचा खूप राग आला होता. शिक्रापूरला एका दुकानात वॉचमन काकांशी मी वाद घातला. म्हटलं, कुठल्या कायद्यात लिहिलंय हेल्मेट काढा म्हणून? काका शांतपणे म्हणाले, “कायद्याचं मला नाही माहीत. उद्या इथे काही झालं, तर कॅमेऱ्यात चेहरा नाही म्हणून मलाच विचारतील.”

घरी येऊन कायदा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२९. दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घातलं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या मुलांनाही ते लागू झालं. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तीला सूट आहे. आणि ‘हेल्मेट’ म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलंय: पट्ट्याने डोक्याला नीट बांधलेलं असेल तेच हेल्मेट. म्हणजे पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं सुद्धा कायद्याच्या हिशेबात हेल्मेट नाही. मग कोपरातलं कुठून असणार?

पण हे सगळं गाडीवर असतानाचं आहे. दुकानात उभं राहिल्यावर हेल्मेट घालायचा हक्क वगैरे त्यात काही नाही. दुकान मालकाचं आहे, तो चेहरा दाखवा म्हणू शकतो. सराफाच्या दुकानात हेल्मेट घालून शिरलेल्या चोरांचे सीसीटीव्ही व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. काकांचं चुकत नव्हतं. मीच उगाच चढलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा सॉरी म्हटलं.

पंपाचं मात्र वेगळं आहे. इंग्लंडमध्ये कितीतरी पंपांवर बाइकवाल्यांना हेल्मेट काढायला सांगतात. तिथे पेट्रोल स्वतःच भरायचं, आणि बऱ्याच ठिकाणी आधी भरून मग आत जाऊन पैसे द्यायचे. आत बसलेल्या माणसाला भीती असते की हा भरून पळाला तर? म्हणून चेहरा दिसायला हवा. आपल्याकडे नोझल पंपावरच्या मुलाच्या हातात असतं. तो हातभर अंतरावर उभा राहून “झिरो बघा” म्हणतो, आणि पैसेही तिथेच घेतो. त्याला बोलणं ऐकू यावं आणि डोळे दिसावेत, एवढंच हवं असतं. त्यासाठी हेल्मेटची काच वर केली तरी बहुतेक वेळा भागतं.

आणि याच पंपांना सरकारने एकदा बरोबर उलटं काम सांगितलं होतं. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी जाहीर केलं, हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही. पंपचालकांनी विरोध केला, आम्ही काय पोलीस आहोत का? थोड्याच दिवसांत ते मागे पडलं. उत्तर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये महिनाभर अशीच मोहीम चालवली. आपल्या पुण्याचं तर काय सांगावं! जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते.

या सगळ्या भांडणात प्रश्न एकच असतो: हेल्मेट आहे की नाही? दादाकडे होतं. चांगलं, आयएसआय मार्कचं होतं. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्ते अपघातात गेले, असा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. या आकड्यात किती जणांचं हेल्मेट आरशाला, कोपरात किंवा टाकीवर होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी हॉस्पिटलात बसून हाच विचार करत होतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखादं फीचर तात्पुरतं बंद करायचं असेल, तर ते परत चालू कधी आणि कोण करणार, हे आधी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर ते कायमचं बंद राहतं. कुणी मुद्दाम करत नाही, विसरलं जातं. हेल्मेटचं तेच होतंय. काढायला पाटी आहे, घालायला फक्त आपली आठवण. आणि शिफ्ट करून दमलेल्या माणसाच्या आठवणीवर काय भरवसा ठेवायचा?

म्हणून मी स्वतःसाठी तीन गोष्टी ठरवल्यात. पटल्या तर घ्या.

एक. चावी लावण्याआधी पट्टा. अंतर बघायचं नाही. समोरचा पंप असो की पलीकडचा चहावाला, गाडी सुरू होणार असेल तर आधी पट्ट्याचा ‘टक’ आवाज यायला हवा.

दोन. पंपावर स्वतःहून काच वर करायची. मान वर करून “दोनशेचं टाका” म्हटलं की समोरच्याला माणूस दिसतो. तरी त्याने काढा म्हटलं, तर वाद नको. रात्रपाळीत एकटा उभा असतो बिचारा. काढा, आणि तिथेच परत घाला.

तीन. काढलेलं हेल्मेट आरशावर टोचून ठेवायचं नाही. आतला थर्माकोलसारखा थर दबतो, आणि धक्का झेलायचं काम त्याचंच असतं. शिवाय ते खाली आपटतं ते वेगळंच.

आणि दुकानदारांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. पाटी लावा, जरूर लावा. फक्त दाराच्या आतल्या बाजूला दुसरी पाटी लावा. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि स्केचपेनने लिहिलं: ‘हेल्मेट घातलं का?’ खाली दोन खिळे ठोकले, हेल्मेट अडकवायला. खर्च शून्य. सगळे वाचतात का? नाही. परवा एकजण त्या पाटीखालूनच हेल्मेट हातात घेऊन निघाला. काकांनी काउंटरवरून हाक मारली, “ओ भाऊ, डोक्यावर!” तो हसला आणि घातलं.

दादाने तो पुठ्ठा पाहिला. काही बोलला नाही. औषध घेतलं, दारातच हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मला म्हणाला, “चल, बस मागे. तुझं कुठंय?”

माझं गाडीच्या आरशावर होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. हा भाग ज्याचं हेल्मेट कायम कोपरात असतं, त्याला पाठवा. काळजी घ्या.